घाटाआधी थांबून दाखव!

आजचा विषय आहे ब्रेक. गाडी चालू असताना ब्रेक बिघडलाय हे ओळखायचं कसं, आणि ते आधीच तपासायची शिस्त आली कुठून? त्यासाठी लांब जायला नको, कल्याण जंक्शनवर उतरा.

१६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, १४ डबे, साधारण ४०० माणसं. हे शाळेत पाठ झालंय. पण ती गाडी थांबवली कशी, हे कुणी विचारत नाही. तेव्हा ब्रेक हाताचे असत. ड्रायव्हरने शिटी द्यायची, गार्डने चाक फिरवून ब्रेक आवळायचा. सपाटीवर हे चालून गेलं. १ मे १८५४ ला रूळ कल्याणला पोचले आणि समोर सह्याद्री उभा राहिला.

१८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट, म्हणजे आपला कसारा, रेल्वेने पार केला. चढ १:३७. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण शेकडो टनांची गाडी लोखंडी रुळांवरून खाली येतेय हे डोळ्यांसमोर आणा. चढताना मागून जादा इंजिन ढकलतं, ते सगळ्यांना दिसतं. मला उतरण्याची गोष्ट जास्त भारी वाटते. घाटात ‘कॅच सायडिंग’ असतात. रुळांचा सांधा मुद्दामच चढावर जाणाऱ्या फाट्याकडे लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी ठरलेल्या जागी पूर्ण थांबून दाखवायचं, मगच मुख्य मार्ग मिळतो. थांबली नाही, तर फाट्यावर चढून तिचा वेग मरतो. ब्रेक चालतोय हे तोंडी सांगून भागत नाही, गाडीनेच सिद्ध करायचं! आजही मोटरमन-लोको पायलट गाडी निघाल्यावर थोडा वेग आला की ब्रेक लावून बघतात. त्याला ‘ब्रेक फील टेस्ट’ म्हणतात.

१८७२ च्या सुमारास अमेरिकेत वेस्टिंगहाउसने ऑटोमॅटिक एअर ब्रेक आणला. त्यात पाइप फुटला की ब्रेक आपोआप लागतो. कारचं नेमकं उलटं. पाइप गळला की दाब जातो, ब्रेक लागतच नाही. म्हणून आता कारमध्ये दोन वेगळी सर्किट असतात, एक गेलं तरी दुसरं थोडंफार धरतं. पण कारला कॅच सायडिंग कोण देणार? ते काम आपल्या पायाने करायचं.

कुर्ल्यात बनणारी पद्मिनी आठवते का? चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो, आणि पेडल दर वेळी आणखी खाली जातं. आता पुढे डिस्क आली, एबीएस आलं. तरी उष्णता तीच आणि माळशेजही तोच.

आपली पोरं पावसाळ्यात कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजला जातात. जाताना चढ आहे, ब्रेकची परीक्षा नाही. खरी परीक्षा परतताना. संध्याकाळ, धुकं, गाडीत पाच जण, आणि पाय सतत ब्रेकवर. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट-४ ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १५५ च्या आसपासच. आणि आपल्याकडे हवा किती दमट, हे डोंबिवलीकरांना सांगायला नको. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, त्यामुळे पेडल स्पंजसारखं लागतं.

म्हणून उतार लागण्याआधी, मागे कोणी नाही बघून, एकदा नीट ब्रेक लावा. गाडी एका बाजूला ओढते? एक कॅलिपर अडकलेला असू शकतो. पायाखाली थरथर? डिस्क असमान झिजलीय. (जोरात दाबल्यावर टकटक झाली तर ते एबीएस, घाबरू नका.) बारीक किंचाळी म्हणजे पॅड संपत आलेत, लोखंडाची घरघर म्हणजे संपलेच. दाबून धरलेलं पेडल हळूहळू बुडत गेलं, तर गळती किंवा मास्टर सिलिंडर. जळका वास आला तर थांबा, थंड होऊ द्या, गरम चाकावर पाणी ओतू नका.

आणि उतारावरच पेडल मऊ पडलं तर? भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक बटण दाबून ठेवून हळूहळू ओढा, हॉर्न चालू ठेवा. इंजिन बंद करू नका. बूस्टरची मदत जाते आणि स्टिअरिंगही जड होतं. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे एक काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. त्यांना हा एपिसोड आजच पाठवा. बाकी सगळ्यांनी जूनच्या आधी गॅरेजवाल्याला एवढंच विचारा: दादा, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं?