होळकरांची खासगी, निगमचे बॉण्ड आणि आपली पेन्शन



मार्च आला की इंदूरच्या आपल्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "संपत्तिकर भरला का?" आणि त्याच्या पाठोपाठ, "एवढे पैसे घेतात, जातात कुठं?" रामबाग असो, लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, वाक्य तेच. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, बरीच वर्षं कर्जाच्या टेबलावर. त्यामुळे हा प्रश्न मला कुरकूर वाटत नाही. कर्ज मागायला आलेल्या माणसाला आम्ही हेच विचारायचो: पैसा कशासाठी? परतफेड कुठून? आणि हिशेब कोण दाखवणार? या तीन प्रश्नांच्या आधारानं आपल्या शहराचा थोडा इतिहास आज लिहितो.

सुरुवात होळकरांपासूनच करावी लागेल. १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीची जहागीर करून दिली. तेव्हापासून होळकरांकडे दोन खाती झाली, खासगी आणि दौलत. दौलत म्हणजे राज्याचा पैसा, फौज आणि कारभार त्यातून. खासगी म्हणजे घराण्याचं स्वतःचं उत्पन्न. अहिल्याबाईंनी देशभर घाट, मंदिरं, धर्मशाळा बांधल्या त्या या खासगीच्या जोरावर. आपल्याला त्यांचं दानधर्म आठवतं, ते योग्यच आहे. पण माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याला जास्त कौतुक वाटतं ते दोन खाती वेगळी ठेवण्याचं. आज बॉण्डच्या कागदपत्रात 'एस्क्रो खातं' म्हणतात, त्याचा मूळ विचार यापेक्षा फार वेगळा नाही. ज्या कामाचा पैसा, तो त्याच खात्यात.

पुढची गोष्ट १८७० ची. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षं! नर्मदेवर पूल झाला, पाताळपाणीचा घाट फोडला गेला आणि त्याच दशकात गाडी इंदूरला पोचली. नाव पडलं होळकर स्टेट रेल्वे. आता तो पैसा शेवटी रयतेचाच, आणि रयतेला कुणी विचारलं नव्हतं. पण पैसा कशासाठी हे सांगायची गरज उरली नाही, गाडी डोळ्यांसमोर उभी होती.

स्वातंत्र्यानंतर विचारणारे आपण झालो. १९७० सालचं नर्मदा आंदोलन आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मी तेव्हा कॉलेजात होतो. यशवंत सागर आणि बिलावली शहराला पुरेना, नळावर भांड्यांच्या रांगा. विद्यार्थी, कामगार, व्यापारी, सगळे पक्ष रस्त्यावर आले आणि सरकारला योजना मान्य करावी लागली. १९७८ साली नर्मदेचं पाणी इंदूरला आलं. आनंद एवढा होता की खर्चाचा विचार कुणी केला नाही. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्याचा घाट चढून हे पाणी येतं. अलीकडच्या काळात या पंपांचं वीजबिल महिन्याला २५ कोटींच्या आसपास सांगितलं जातं. आपण मागितलेलं पाणी होतं, तेव्हा ते बिलही आपलंच.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. १९७६ साली मध्य प्रदेशात चुंगी बंद झाली. नाक्यावरची कटकट संपली म्हणून सगळे खूश. पण शहराचं स्वतःचं रोजचं उत्पन्न गेलं आणि त्याऐवजी भोपाळहून येणाऱ्या भरपाईची वाट पाहणं आलं. ज्याच्या हातात गल्ला नाही, त्याला उधारी करावीच लागते.

ती उधारी बॉण्डच्या रूपानं आली. २००० साली इंदूर निगमनं रस्त्यांसाठी १० कोटींचे बॉण्ड काढले, राज्य सरकारच्या हमीवर. २०१८ साली सुमारे १४० कोटींचे, व्याज सव्वानऊ टक्के. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बॉण्ड, जलूदच्या पंपांसाठी ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायला. व्याज सव्वाआठ टक्के, परतफेड ३, ५, ७ आणि ९ वर्षांनी चार समान भागांत. या वेळी साध्या माणसालाही अर्ज करता येत होता आणि मागणी मूळ इश्यूच्या जवळजवळ सहा पट आली. माझ्या ओळखीच्या दोन-तीन पेन्शनरांनीही अर्ज केले.

आता गंमत पाहा. जो माणूस संपत्तिकराच्या बिलावर चिडतो, तोच निगमला आपणहून उसने पैसे द्यायला रांगेत उभा राहतो. कारण बॉण्डच्या कागदावर तिन्ही प्रश्नांची उत्तरं छापलेली असतात. कराच्या पावतीवर फक्त रक्कम.

पण बॉण्डचं व्याज शेवटी करातूनच जायचं, हेही विसरू नये. आणि करावरचा विश्वास डळमळीत आहे. एप्रिल २०२१ मध्ये जलकर, कचरा आणि ड्रेनेजचे दर वाढवले गेले. त्या वेळी निवडून आलेली परिषदच नव्हती, कारभार प्रशासकाकडे. शहरभर ओरड झाली आणि काही दिवसांत वाढ स्थगित झाली. पुढे २०२४ मध्ये, न झालेल्या ड्रेनेजच्या कामांची खोटी बिलं काढल्याचं प्रकरण बाहेर आलं, पोलिसांत गुन्हे दाखल झाले. स्वच्छतेत देशात पहिलं येणाऱ्या शहराचा नागरिक मग विचारणारच ना, "जातात कुठं?"

माझी भाची कॅलिफोर्नियात असते. तिथं मोठ्या बॉण्डवर लोकांचं मत घेतात. १९७८ साली तिथल्या मतदारांनी चिडून घरपट्टीला मूळ किमतीच्या एक टक्क्याची मर्यादाच घालून टाकली. पण राग काढल्यानं खर्च थांबत नाही, तो दुसऱ्या दारानं येतो. डेट्रॉइट शहरानं वर्षानुवर्षं पेन्शनचे वायदे केले, कर्ज काढलं, आणि २०१३ मध्ये दिवाळं जाहीर केलं. निगमच्या साध्या निवृत्त नोकरांची पेन्शन साडेचार टक्क्यांनी कापली गेली.

इथं मी माझ्या घरात येतो. आम्हा बँकवाल्यांना पेन्शन १९९५ च्या नियमांनी मिळाली. ती घेणाऱ्यांना प्रॉव्हिडंट फंडातला बँकेचा हिस्सा सोडावा लागला, त्यातून पेन्शनचा फंड उभा राहिला. राज्य सरकारची जुनी पेन्शन तशी नाही. तिच्यामागे वेगळा फंड नाही, त्या त्या वर्षीच्या करातून ती द्यायची. मध्य प्रदेशात १ जानेवारी २००५ पासून नव्या नोकरांना ती बंद झाली आणि बाजारावर चालणारी एनपीएस आली. माझा धाकटा मुलगा त्यानंतर लागलेला. तो म्हणतो, "बाबा, तुम्हाला दर महिन्याला ठरलेली रक्कम, मला शेअर बाजार?" त्याचं म्हणणं खोटं नाही. याच मागणीवर मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले लाखो कर्मचारी सात दिवस संपावर होते, आणि हिमाचलात २०२२ च्या निवडणुकीत हा मोठा मुद्दा झाला.

मी त्याला एवढंच म्हणतो, "जुनी पेन्शन माग, हक्कानं माग. पण फंड कुठं आहे हेही माग." ज्या पेन्शनमागे पैसा बाजूला ठेवलेला नाही, ती आपल्या नातवंडांच्या नावावर काढलेलं कर्ज आहे. त्या कागदावर त्यांची सही नाही. माझी नात आज सातवीत आहे. तिच्या बापाची पेन्शन, निगमचा २०३२ चा शेवटचा हप्ता आणि जलूदचं बिल, हे सगळं तिच्या पहिल्या पगारातून जाऊ नये असं वाटतं. केंद्रानं एप्रिल २०२५ पासून जी युनिफाइड पेन्शन आणली, तिच्यात सरकारचा वाटा साडेअठरा टक्के असं लिहिलेलं तरी आहे. तो पुरेल का यावर वाद घालता येतो, कारण आकडा समोर आहे.

तेव्हा मंडळी, पार्षद मत मागायला येतील तेव्हा कर कमी करा म्हणण्याआधी विचारा: आमच्या वॉर्डातून किती जमा झाले, कुठल्या कामाला गेले, आणि उधारी किती बाकी आहे? शांतपणे, चहा देऊन विचारा. उत्तर लेखी मागा.

१९७० चं आंदोलन, जुने चुंगी नाके, होळकर स्टेट रेल्वेबद्दल आजोबांनी सांगितलेलं काही, ज्याला जे आठवत असेल ते खाली जरूर लिहा. आणि हो, संपत्तिकर भरला नसेल तर भरून टाका. हिशेब मागायचा तर आधी आपली पावती हातात हवी.