परतीचे तिकीट

गेल्या पावसाळ्यात आमच्या कुंभवलीतला एक मुलगा नव्याकोऱ्या बायकोसह माझ्याकडे आला. बोईसरच्या एमआयडीसीत नोकरी, हातात दोन पासपोर्ट. ‘‘काका, फिजीला व्हिसा लागत नाही म्हणतात. खरं का?’’ जुने कागद चाळणारा माणूस म्हणून गावात कुठलाही सरकारी कागद आधी माझ्यापुढे येतो, त्यातलाच हा प्रकार.

खरे आहे. भारतीय पर्यटकाला फिजीसाठी आधी अर्ज करावा लागत नाही. नांदीच्या विमानतळावर उतरल्यावर चार महिन्यांचा परवाना मिळतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, खर्चापुरते पैसे हवेत, तिथे नोकरी करता येत नाही आणि परतीचे किंवा पुढच्या प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते. विमान ऑस्ट्रेलियावरून जाणार असेल, तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा मात्र काढावा लागतो. मुलाचे समाधान झाले. मी मात्र ‘परतीचे तिकीट’ या अटीपाशी अडकलो.

परवान्याचा कागद आमच्या किनाऱ्याला नवा नाही. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज या समुद्रातल्या जहाजांना ‘कार्ताझ’ घ्यायला लावत. जहाज कोणाचे, माल कोणता, जाणार कुठे, हे त्यात लिहिलेले असे. कागद नसेल तर जहाज जप्त. तारापूरचा किल्लाही त्यांच्याच ताब्यात होता. १७३९च्या जानेवारीत मराठ्यांनी तो घेतला. त्या वेढ्यात बाजी भीवराव कामी आले. म्हणजे समुद्रावर कोणी जावे हे कागदाने ठरवण्याची रीत इथे चांगली चारशे-पाचशे वर्षांची आहे.

फिजीला गेलेल्या पहिल्या भारतीयांकडेही कागद होता. १८७४ साली ही बेटे इंग्रजांकडे आली. पहिला गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन याने मूळ फिजीवासीयांना मळ्यांवर जुंपायचे नाही असे ठरवले आणि मजूर हिंदुस्थानातून मागवले. मॉरिशस आणि त्रिनिदाद इथे गव्हर्नर असताना ही पद्धत त्याने जवळून पाहिलेली होती. १४ मे १८७९ रोजी ‘लिओनिडास’ हे जहाज कलकत्त्याहून लेवुका बंदरात पोचले. १९१६ पर्यंत साठ हजारांहून अधिक माणसे गेली, आधी फक्त कलकत्त्याहून, १९०३ पासून मद्रासहूनही. मुंबई बंदरातून मॉरिशसला मराठी माणसे गेली. फिजीच्या वाटेवर मात्र आपले बंदर नव्हते.

करार पाच वर्षांचा. पुरुषाला दिवसाला एक शिलिंग, बाईला नऊ पेन्स. ‘अॅग्रिमेंट’चे त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि ती माणसे गिरमिटिया झाली. आपल्याकडे गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचे सुताराचे हत्यार. दोन शब्दांचा संबंध नाही, पण वाचताना ते हत्यार डोळ्यांपुढे येतेच. प्रत्येकाच्या प्रवासपत्रावर नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, ठाणे, जिल्हा, उंची आणि अंगावरच्या खुणा लिहिलेल्या असत. आजच्या व्हिसाच्या अर्जात याहून फार वेगळे काय असते?

फरक परतीत होता. पाच वर्षांनी परत यायचे तर स्वतःच्या पैशाने. सरकारी खर्चाने परतायचे तर दहा वर्षे तिथे काढायची. दिवसाला शिलिंग मिळवणाऱ्याने, त्यातही कामाचा हिस्सा पुरा झाला नाही तर मजुरी कापली जाणाऱ्याने, भाडे कुठून जमवायचे? दहा वर्षांत मुले झाली, गावाकडची नाती सुटली. निम्म्याहून अधिक माणसे तिथेच राहिली.

या पद्धतीविरुद्ध कायदेमंडळात उभा राहिला तो आपल्या कोकणातला माणूस. ४ मार्च १९१२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी करारबद्ध मजुरी बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमतापुढे तो पडला. १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांनी तोच विषय पुन्हा आणला आणि व्हाइसरॉय हार्डिंग यांना तत्त्व मान्य करावे लागले. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतले उरलेले करार रद्द झाले. गोखले तोवर हयात नव्हते.

त्याच वर्षी हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा आला. पासपोर्ट देणे-न देणे पुढेही बराच काळ सरकारच्या मर्जीवर होते. १९६७ साली सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला, म्हणून त्याच वर्षी आजचा पासपोर्ट कायदा झाला. त्या मुलाच्या खिशातल्या पुस्तिकेमागे एवढी वाट आहे.

फिजी १९७० मध्ये स्वतंत्र झाला. १४ मे १९८७ रोजी, ‘लिओनिडास’ पोचल्याला बरोबर १०८ वर्षे झाली त्या दिवशी, लष्करी अधिकारी सितिवेनी रबुका यांनी भारतीय वंशीयांचे बहुमत असलेले सरकार उलथवले. हजारो कुटुंबे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे निघाली. शंभर वर्षांनी पुन्हा कागदांच्या रांगा. पंतप्रधान झालेल्या याच रबुकांनी मे २०२३ मध्ये त्या बंडाबद्दल जाहीर क्षमा मागितली, आणि गिरमिट दिनाची सार्वजनिक सुट्टीही त्याच वर्षी सुरू झाली.

आज तो देश पाहुण्याला विचारतो, परत कधी जाणार ते दाखवा. तेव्हा आलेल्या माणसाला परतायचे होते आणि तिकीट दहा वर्षे लांब होते. तिकीट दाखवणे ही अट वाटते, पण ते हातात असणे हेच स्वातंत्र्य आहे.

मी त्या मुलाला एवढेच सांगितले, ‘‘किनारे पाहाल तेव्हा लेवुकाचे बंदरही पाहून या.’’ त्याने नाव मोबाइलमध्ये टिपून घेतले. जाताना त्याची बायको उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, ‘‘काका, त्या पहिल्या जहाजात बायकाही होत्या ना?’’ मी हो म्हटले. नऊ पेन्सवाल्या.