खाशाबा फौजदार: पदकानंतरची २७ वर्षं

ज्यांना बसमध्ये इअरफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर.

सुरुवात एका रविवारपासून करते. १५ जानेवारी २०२३. संक्रांत होती. सकाळी फोन उघडला तर गूगलच्या पानावर एका पैलवानाचं चित्र. खाशाबा जाधव, ९७वी जयंती. मी इंजिनीअर, हिंजवडीत कोड लिहिते, माहेर सातारा जिल्ह्यातलं. म्हणजे खाशाबा आमच्याच जिल्ह्याचे. तरी मला त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं: ऑलिंपिक, कुस्ती, ब्राँझ. मी ते चित्र चुलतभावाला पाठवलं. तो पोलीस शिपाई आहे, आणि त्याआधी पुण्यातल्या एका तालमीत सहा वर्षं घाम गाळलेला पैलवान. त्याचा लगेच रिप्लाय आला, "अगं, ते आमच्या खात्यातले होते. फौजदार."

हे मला माहीत नव्हतं. पाठ्यपुस्तकातली गोष्ट पदकापाशी संपते. आजचा भाग त्याच्या पुढचा आहे.

आधी पदकापर्यंतचं भरभर सांगते. जन्म १९२६, कऱ्हाडजवळचं गोळेश्वर. शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. लाल मातीत वाढलेला गडी तिथे मॅटवर लढला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. १९५२च्या हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. त्या काळातले सात हजार, बरं का. खाशाबांनी बँटमवेट गटात ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाड स्टेशनवरून १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लावल्या आणि त्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवलं.

इथे थोडं थांबा. देशाला पदक मिळालं, त्यासाठी घेतलेलं कर्ज मात्र पैलवानाने फेडलं. तेव्हा ऑलिंपिक हौशी खेळाडूंचं होतं. करार नाही, जाहिरात नाही, बक्षिसाचे कोटी नाहीत. पैलवानाची कमाई म्हणजे जत्रेतल्या फडातलं इनाम, आणि ते अंगात जोर असेपर्यंतच.

मग १९५५ साली खाशाबा पोलिसात भरती झाले. पद उपनिरीक्षक, म्हणजे आपल्याकडचा फौजदार. महाराष्ट्र राज्य तेव्हा जन्मायचं होतं, मुंबई राज्य होतं. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६चं ऑलिंपिक हुकलं. खात्यांतर्गत स्पर्धा ते जिंकत राहिले, प्रशिक्षक म्हणूनही काम केलं. अशी २७ वर्षं नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. आणि निवृत्तीनंतर? पेन्शनसाठी झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ला रस्ते अपघातात ते गेले.

आता एक साधी वजाबाकी करू. अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ साली. खाशाबा त्यानंतर २३ वर्षं हयात होते. त्यांना तो मिळाला २००० सालचा, म्हणजे मरणोत्तर. त्याच्या चारच वर्षं आधी, १९९६ला, लिएंडर पेसने टेनिसमध्ये ब्राँझ जिंकलं होतं. भारताचं दुसरं वैयक्तिक पदक, ४४ वर्षांनी. "पहिलं कोणाचं होतं?" हा प्रश्न दुसरं आल्यावर पुन्हा निघाला, असं मला ही वर्षं बघून वाटतं.

सोपी मांडणी अशी होईल: बिचारे खाशाबा, सरकारने उपेक्षा केली, संपला विषय. पण मला ती अपुरी वाटते. नोकरी ही उपेक्षा नव्हती. नियमित पगार होता, वर्दी होती, मान होता. मी भावाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तालमीत खुराकाचं बिल मोठं आणि उत्पन्न शून्य. घरचे कुठवर पाठवणार? पहिला पगार झाला त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर झोपलो."

त्याची भरती ऐका. मैदानी चाचणी ५० गुणांची: १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. गोळा त्याला खेळणं वाटला, १६०० मीटरने मात्र जीव काढला. पैलवानाचं शरीर तेवढं धावायला बनलेलंच नसतं. गेल्या विसर्जनाला लक्ष्मी रोडवर तो बंदोबस्ताला होता. टोपीखालून कुस्तीत सुजून घट्ट झालेले कान दिसत होते. समोरून गुरुजी तालमीचा गणपती चालला होता, मानाचा तिसरा. तालीम हा शब्द पुण्यात बहुतेकांना आता गणपतीमुळेच माहीत आहे. मिरवणुकीकडे पाठ करून गर्दी थोपवणारा एक खरा तालीमवाला तिथे उभा होता.

तर मुद्दा नोकरी दिली हा नाही. मुद्दा असा की नोकरी दिली म्हणजे हिशोब मिटला, असं आपण धरून चाललो. पोलीस खात्याच्या वहीत सेवेची वर्षं मोजतात. हेलसिंकीचा रकाना त्या वहीत नाही, आणि असावा अशी अपेक्षाही चूक. तो रकाना दुसऱ्या वहीत हवा होता, खेळाच्या. ती वही आपण उघडलीच नाही.

याची किंमत एकट्या खाशाबांनी मोजली असं नाही. माती आणि मॅट यातला फरक स्वतःच्या अंगावर शिकलेला माणूस आपल्याकडे १९५२ सालीच होता. तरीही कुस्तीतलं पुढचं ऑलिंपिक पदक आलं थेट २००८ला, सुशील कुमारचं. ५६ वर्षं! खाशाबा शिकवायला मिळाले असते तर ते लवकर आलं असतं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्यांना पूर्णवेळ विचारायला तरी कोणी जायला हवं होतं.

आज चित्र बरंच वेगळं आहे. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पुण्यात तयार झालेले दोन पैलवान थेट पोलीस उपअधीक्षक झाले: तीन वेळा महाराष्ट्र केसरी विजय चौधरी, आणि २०१८चं राष्ट्रकुल सुवर्ण व २०१९चं जागतिक ब्राँझ जिंकणारा राहुल आवारे. चौधरी तर वर्दीत गेल्यावरही लढले आणि २०२३ला कॅनडात, जागतिक पोलीस स्पर्धेत सुवर्ण घेऊन आले. २०२४ला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये नेमबाजीत ब्राँझ जिंकलं. खाशाबांनंतर महाराष्ट्राचं पहिलं वैयक्तिक पदक, ७२ वर्षांनी. तोही नोकरदार, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. आणि १५ जानेवारी आता राज्य क्रीडा दिन आहे.

छान आहे सगळं. पण मी दादाला विचारलं, "तुझ्या तालमीतल्या नव्या पोरांना कधी शिकवतोस का?"

तो हसला. "सुट्टी मिळाली की जातो. दोन डाव दाखवतो, परत येतो."

गोळेश्वरला खाशाबांचं घर आहे, नाव 'ऑलिंपिक निवास'. कऱ्हाडवरून जाणार असाल तर वाट थोडी वाकडी करा. आणि तुमच्या ओळखीत असा कोणी वर्दीतला खेळाडू असेल, तर त्याला एकदा विचारा, "आधी काय खेळायचास?" काय सांगतो ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवते.