गांधींनी गोखल्यांनाच का निवडलं?

‘नोकरीत आणि आयुष्यात योग्य मार्गदर्शक कसा निवडावा यावर लिही,’ असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. चोवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर ‘मेंटॉर’ या शब्दाचा इतका चोथा झालेला पाहिलाय की त्यावर लिहायचं जिवावर येतं. मग नववीतला इतिहासाचा तास आठवला. बाईंनी गोखल्यांवरचा माझा निबंध तीनदा परत केला होता. तेव्हा राग आला होता. आता त्याच विषयावर चौथ्यांदा लिहिते आहे.

गोष्ट १८९६ सालची, म्हणजे आपली दहावी झाली त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधीची. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची बाजू मांडायला गांधी काही महिन्यांसाठी भारतात आले होते. वय सत्तावीस. इथे त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं. मुंबईत ते न्यायमूर्ती रानड्यांना भेटले. रानडे तेव्हा हायकोर्टात न्यायाधीश होते. त्यांनी सांगितलं, सर फिरोजशहा मेहतांना भेटा. बद्रुद्दीन तय्यबजींनीही तेच सांगितलं.

मेहतांनी सभा ठरवून दिली. आदल्या संध्याकाळी विचारलं, भाषण तयार आहे का? गांधी म्हणाले, आयत्या वेळी बोलेन. मुंबईत ते चालणार नाही, रातोरात लिहून छापून घ्या, असा मेहतांचा हुकूम झाला. तो सल्ला किती मोलाचा होता ते दुसऱ्या दिवशी कळलं. सभागृह गच्च भरलेलं, गांधींचा आवाज थरथरला आणि ते भाषण शेवटी दिनशा वाच्छांनी वाचून दाखवलं. म्हणजे मेहतांनी मदत केली नाही असं मुळीच नाही.

पुढे पुण्यात गांधी टिळकांना भेटले. टिळकांनीही नेमका सल्ला दिला: सगळ्या पक्षांची मदत घ्या, आणि अध्यक्ष कोणत्याच पक्षाचा नसलेला शोधा, डॉ. भांडारकरांना विचारा. तिथून गांधी फर्ग्युसन कॉलेजात गोखल्यांकडे गेले.

या तीन भेटींबद्दल गांधींनी आत्मकथेत जे लिहिलंय, ते आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. मेहता त्यांना हिमालयासारखे वाटले, टिळक समुद्रासारखे आणि गोखले गंगेसारखे. हिमालय चढवत नाही, समुद्रात सहज होडी घालवत नाही, गंगेत मात्र उतरता येतं. माझ्या निबंधात मी ही उपमा झोकात उतरवली होती. बाईंनी खाली लाल शाईत लिहिलं, ‘गोखल्यांनी केलं काय, ते लिही.’

केलं ते असं. शाळेत दाखल होणाऱ्या मुलाची मास्तरांनी परीक्षा घ्यावी तसे गोखल्यांनी त्यांना बारकाईने प्रश्न विचारले. कोणाला भेटायचं, कसं भेटायचं ते सांगितलं. भाषण वाचायला मागितलं. कॉलेज हिंडून दाखवलं. आणि भांडारकरांकडे काय होतंय ते मला कळवा, असं बजावलं. मला हे शेवटचं फार महत्त्वाचं वाटतं. सल्ला तिघांनीही चांगलाच दिला होता, पण पुढे काय झालं ते परत येऊन सांगा, हे गोखल्यांचं वेगळेपण.

आणि गोखले तरी केवढे होते? तीस वर्षांचे. गांधींपेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठे!

गोखल्यांमध्ये हे आलं कुठून, याचं उत्तर रानडे. गोखले पंचविशीही गाठायच्या आत त्यांच्या हाताखाली आले आणि १९०१ मध्ये रानडे जाईपर्यंत, दशकाहून अधिक काळ, शिकत राहिले. सार्वजनिक सभेचं त्रैमासिक, सरकारला पाठवायचे अर्ज, त्यातले आकडे, सगळं रानड्यांच्या नजरेखालून जायचं. सरकार या अर्जांना धड उत्तरही देत नाही, मग एवढी मेहनत कशाला, असं गोखल्यांनी एकदा विचारलं. रानड्यांच्या उत्तराचा आशय असा, की अर्जावर नाव सरकारचं असलं तरी तो खरा लोकांसाठी असतो. अशा विषयांवर विचार कसा करायचा हे लोकांनी शिकावं म्हणून.

इथे थोडं स्वतःबद्दल. माझ्या पहिल्या कंपनीत (नाव नको) मी हिमालय निवडला होता. सगळे ज्यांना वचकून असत अशा एका सरांच्या टीममध्ये जायचा मी हट्ट धरला. दोन वर्षं होते. माणूस अफाट हुशार, पण त्यांनी माझा कोड एकदाही उघडून पाहिला नाही. माझ्या मॉड्यूलमुळे ग्राहकाकडे एक रात्र सिस्टिम बंद पडली, तेव्हा भर मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, ‘हे कोणी लिहिलंय?’ दोन वर्षांनंतर! त्यांना दोष देत नाही, निवड माझी होती. त्यानंतर टेस्टिंगमधली, माझ्याहून तीनच वर्षांनी मोठी असलेली एक ताई भेटली. ‘दाखव बरं काय लिहिलंयस,’ हे तिचं पहिलं वाक्य. पहिल्या दिवशी तिने बेचाळीस चुका काढल्या. दुसऱ्या दिवशी विचारायला आली, त्यांचं काय झालं म्हणून.

आता राहिला मतभेदांचा मुद्दा. गुरू केला म्हणजे त्याचंच ऐकायचं का? कलकत्त्याच्या काँग्रेसनंतर, १९०२ च्या सुरुवातीला गांधी महिनाभर गोखल्यांकडे राहिले. तिथे त्यांनी विचारलं, तुम्ही ट्रामने का जात नाही, घोडागाडी कशाला? गोखल्यांना ते लागलं. ‘हिंद स्वराज’ गोखल्यांना कच्चं आणि घाईत लिहिलेलं वाटलं. भारतात वर्षभर राहिलात की हे पुस्तक तुम्हीच नष्ट कराल, असं त्यांचं भाकीत होतं. गांधींनी ते कधीच केलं नाही. तरीही १९१५ च्या जानेवारीत परतल्यावर, गोखल्यांच्या सांगण्यावरून वर्षभर देश पाहायचा आणि मतं मांडायची नाहीत, हे त्यांनी पाळलं. १९ फेब्रुवारीला गोखले गेले. भारत सेवक समाजाच्या सभासदांमध्ये गांधींना घेण्यावरून दुमत होतं, तेव्हा गांधींनी स्वतःच अर्ज मागे घेतला. गुरूच्या संस्थेत शिष्याला जागा झाली नाही, पण गुरू बदलला नाही.

एक लहानशी गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत आवडते. १९१२ मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले होते. जोहान्सबर्गच्या मेजवानीला त्यांना रानड्यांनी दिलेलं उपरणं घालायचं होतं. ते फार जपून वापरत. त्याला सुरकुत्या पडलेल्या. गांधी म्हणाले, मी इस्त्री करतो. तुमच्या वकिलीवर माझा विश्वास आहे, धोबीकामावर नाही, असं गोखल्यांचं म्हणणं पडलं. गांधींनी हट्टाने केली, आणि ती चांगली झाली.

हा लेख छापायला देण्याआधी बाईंना पाठवला. त्या आता सत्तरी ओलांडलेल्या. दोन दिवसांत लाल खुणा केलेल्या पानांचा फोटो व्हॉट्सॲपवर परत आला. एक साल चुकलं होतं आणि दोन विशेषणं जास्त होती. दुरुस्त केलीत, बाई. मेळाव्याला येताना छापील प्रत आणते.