गाडी आधी आली, शिकलेला माणूस नंतर

1966 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. आदल्या वर्षी त्या देशात 1,07,000 माणसं अपघातात गेली होती, त्यातली 49,000 रस्त्यांवर. पण त्या अहवालातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद निराळीच आहे. देशातली जवळपास निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारे लोक चालवत होते. माणसाला आडवं झोपवून नेता येईल एवढी लांब गाडी त्यांच्याकडेच असायची, हे त्याचं कारण. गाडी होती, भोंगा होता. श्वास कोंडलेल्या माणसाचं वाटेत काय करायचं, हे शिकलेलं माणूस मात्र गाडीत नसायचं.

त्याच वर्षी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला फ्रँक पँट्रिज या हृदयरोगतज्ज्ञांनी विजेचा झटका देणारं यंत्र गाडीत बसवून थेट रुग्णाच्या दारात न्यायला सुरुवात केली. त्या गाडीतून डॉक्टर जात. महाराष्ट्रात 2014 पासून धावणाऱ्या 108 रुग्णवाहिका सेवेतही डॉक्टर बसतो, म्हणजे तिचं नातं बेलफास्टच्या या घराण्याशी अधिक जवळचं. पण डॉक्टर नसलेल्या माणसाला नीट शिकवून त्याच्या हाती रस्त्यावरचा जीव सोपवायचा, ही ईएमटी (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ) आणि पॅरामेडिक या पेशांमागची कल्पना. तिची मुळं शोधत गेलं की आपण पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्ग शहरात येऊन पोचतो, तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट नावाच्या कृष्णवर्णीय वस्तीत.

कल्पना रुजली ती मात्र थोडी आधी, बाल्टिमोरमध्ये. पीटर साफर हे मूळचे व्हिएन्नाचे भूलतज्ज्ञ. बुडालेल्या माणसाला पालथं घालून पाठ दाबायची, हात वर ओढायचे, ही तेव्हाची मान्य रीत होती. साफर यांनी 1950च्या दशकाच्या शेवटी स्वयंसेवकांना गुंगीचं आणि स्नायू सैल पाडणारं औषध देऊन दाखवून दिलं, की या रीतीने छातीत हवा पुरेशी जातच नाही. बेशुद्ध माणसाचे स्नायू ढिले पडतात, जीभ मागे सरकते आणि घसा बुजतो. डोकं मागे कललं, जबडा पुढे ओढला की वाट मोकळी होते. मग तोंडाने फुंकलेली हवाही पुरते, कारण आपण सोडलेल्या श्वासात 16 ते 17 टक्के ऑक्सिजन उरलेला असतो. या प्रयोगांत फुंकणारे डॉक्टर नव्हते, साधी माणसं होती. माझ्या मते पुढच्या सगळ्या कथेचं बीज इथे आहे. जीव वाचवण्याचं काम पदवीवर अडून राहत नाही, योग्य हालचाल नेमकी शिकवली की कुणालाही जमतं, हे मोजमाप करून सिद्ध झालं.

साफर पुढे पिट्सबर्गला आले. 1966 मध्ये त्यांची मुलगी एलिझाबेथ दम्याच्या झटक्याने गेली. हृदय पुन्हा सुरू झालं, मेंदू शुद्धीवर आलाच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्याचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स प्रचारसभेत कोसळले आणि काही दिवसांनी वारले. शहरात तेव्हा आजाऱ्याला बहुधा पोलिसांच्या व्हॅनमधूनच नेत. दोन्ही शिपाई पुढे, रुग्ण मागे एकटा. हिल डिस्ट्रिक्टमध्ये तर फोन केल्यावर गाडी येईल की नाही याचाही भरवसा नव्हता. काही वर्षांपूर्वी याच वस्तीचा खालचा भाग पाडून तिथे भव्य क्रीडागृह बांधलं गेलं होतं आणि सुमारे 8,000 माणसं उठवली गेली होती. पोलिसांची गाडी बोलावणं तिथे कुणाला सोपं वाटणार?

फिल हॅलन हे एका धर्मादाय निधीचे प्रमुख. वस्तीतल्या बेकार तरुणांना काम मिळावं म्हणून त्यांना रुग्णवाहिका सुरू करायची होती. ते साफरांना भेटले, आणि तिथल्याच फ्रीडम हाऊस या रोजगार-प्रशिक्षण संस्थेला सोबत घेऊन 1967 मध्ये सेवा उभी राहिली. भरती झालेल्यांत व्हिएतनामहून परतलेले सैनिक होते, शाळा अर्धवट सुटलेले होते, तुरुंगात जाऊन आलेलेही होते. नोकरीच्या बाजारात ज्यांना कुणी उभं करत नव्हतं, त्यांना साफरांनी सुमारे 300 तास शिकवलं. शरीररचना, नाडी, रक्तदाब, हृदय बंद पडल्यावर छाती कशी दाबायची, श्वासमार्ग कसा राखायचा, बाळंतपण कसं सांभाळायचं. इस्पितळात शस्त्रक्रियागृहापासून शवागारापर्यंत सगळीकडे उभं केलं. तेव्हा प्रथमोपचाराची तुटपुंजी शिकवणीही पुष्कळ मानली जायची, हे लक्षात घेतलं की या 300 तासांचं वजन कळतं. गाडीची आतली मांडणीही साफरांनी बदलली: उपचार करणाऱ्याला रुग्णाच्या डोक्यापाशी बसता यावं. साधी गोष्ट वाटते, पण श्वासमार्ग तिथूनच सांभाळता येतो.

साफरांच्या हिशेबाने पहिल्याच वर्षी सुमारे 200 जीव वाचले. 1972 मधल्या एका अभ्यासात दोन महिन्यांतले 1,400 रुग्ण तपासले गेले. अत्यवस्थ रुग्णांना फ्रीडम हाऊसने 89 टक्के वेळा योग्य उपचार दिले होते, पोलिसांनी 38 टक्के वेळा, स्वयंसेवी रुग्णवाहिकांनी 13 टक्के. हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचते. ज्यांना शाळेने अर्ध्यावर सोडलं, त्यांनी शहरातल्या इतर प्रत्येक गाडीला मागे टाकलं होतं. काही गोऱ्या रुग्णांना त्यांनी हात लावलेला नको असे, तरीही.

1974 च्या सुमारास नॅन्सी कॅरोलिन ही तरुण डॉक्टर त्यांची वैद्यकीय प्रमुख झाली. ती गाडीतून सोबत फिरली, प्रत्येक खेपेनंतर तिने चुका सुधारून घेतल्या. केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याने पॅरामेडिकसाठी देशभर चालेल असा अभ्यासक्रम लिहायचं काम तिच्याकडे सोपवलं आणि तो कसाला लागला याच पथकावर. तिचं ‘इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स’ हे पाठ्यपुस्तक 1979 मध्ये आलं. सुधारलेल्या आवृत्त्यांतून ते अजून शिकवलं जातं.

महापौर पीटर फ्लॅहर्टी यांना ही खासगी संस्था नको होती. शहराने स्वतःची सेवा काढली आणि ऑक्टोबर 1975 मध्ये फ्रीडम हाऊस बंद झालं. पथकाला कामावर घ्या, अशी कॅरोलिनची अट होती. घेतलं, पण जुने सोबती वेगवेगळ्या गाड्यांवर विखुरले, अनुभवी माणसं नवख्या गोऱ्या कर्मचाऱ्यांच्या हाताखाली गेली, लेखी परीक्षा पुढे आल्या, जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी उकरल्या गेल्या. हा निव्वळ योगायोग होता, असं मला म्हणवत नाही. बहुतेकांना काही वर्षांतच बाहेर पडावं लागलं. त्यांच्यावर पारखलेला अभ्यासक्रम देशभर निघाला होता, आणि ते स्वतः त्याच शहरात परीक्षेत नापास ठरत होते.

टिकलेल्यांपैकी एक जॉन मून. ते पिट्सबर्गच्या सेवेत उपप्रमुखपदापर्यंत चढले, आणि अधिकार हाती आल्यावर त्यांनी कृष्णवर्णीय उमेदवारांच्या भरतीसाठी नेटाने काम केलं.