प्रतापगडचा पोवाडा : एक प्रसंग, चार काळ

१/ महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाच्या रस्त्याने निघाले की वीसेक किलोमीटरवर प्रतापगड लागतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी याच गडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट झाली. पुढे काय घडले ते आपण सर्वांनी ऐकले आहे, आणि बहुतेकांनी ते प्रथम पोवाड्यातूनच ऐकले आहे. आजचा धागा त्या पोवाड्याविषयी.

२/ शाळेत असताना शिवजयंतीला कर्ण्यावरून ऐकू येणारा पोवाडा मला प्रत्यक्षदर्शी साक्ष वाटत असे. एम.ए.च्या पहिल्या वर्षी एका निबंधात मी पोवाड्यातील वर्णन सरळ पुरावा म्हणून दिले. सरांनी समासात एवढेच लिहिले : ‘हे कोण गात आहे, कोणासमोर, आणि केव्हा?’ या तीन प्रश्नांनी माझी वाचनाची सवयच बदलली.

३/ पोवाडा ही एकांतात वाचण्याची कला नव्हे. डफ, तुणतुणे, मागे सूर धरणारे झीलकरी आणि समोर बसलेला समुदाय, एवढे जमले की पोवाडा उभा राहतो. बिदागी देणारेही समोरच असतात. त्यामुळे शाहीर जुना प्रसंग गात असला, तरी समोरच्यांना ज्याची आच आहे तेच त्यात ठळक होते.

४/ आज उपलब्ध असलेल्या पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जाणारा पोवाडा याच प्रसंगावरचा आहे. कर्ता शाहीर अज्ञानदास. काही ठिकाणी हे नाव अगिनदास असेही आढळते. जिजाबाईंच्या सांगण्यावरून तो रचला गेला, अशी परंपरा आहे. म्हणजे तो विजयी पक्षाच्या आश्रयाने आणि घटनेच्या आठवणी ताज्या असताना गायलेला आहे.

५/ या पोवाड्यात भेटीच्या वेळची एक शाब्दिक चकमक आहे. खान महाराजांना ‘कुणब्याचे पोर’ म्हणून हिणवतो. महाराज त्याला भटारणीच्या कुळावरून प्रत्युत्तर देतात. तलवारीच्या आधी कुळे उपसली जातात.

६/ असे का? राज्याभिषेक १६७४ चा, म्हणजे अजून पंधरा वर्षे दूर. विजापूरच्या नजरेत महाराज हे एका सरदाराचे बंडखोर पुत्र. जावळीच्या मोऱ्यांसारखी घराणी स्वतःला अधिक मानाची समजत. ती जावळी महाराजांनी १६५६ मध्ये घेतली होती. ‘राज्य करण्याचा अधिकार कोणाचा?’ हा त्या काळाचा जळता प्रश्न होता, आणि शाहिराने तो दोघांच्या तोंडी घातला.

७/ ते शब्द शामियान्यात खरोखर उच्चारले गेले का, हे पोवाड्यावरून ठरत नाही. मात्र ऐकणाऱ्यांच्या मनात कुळाचा प्रश्न किती खोल होता, हे त्यावरून निश्चित कळते.

८/ आता २१० वर्षे पुढे. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘छत्रपती शिवाजीराजे भोसले यांचा पवाडा’ प्रसिद्ध केला. फुल्यांचे मूळ गाव कटगुण, सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले. आपली रचना कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावी, हा हेतू त्यांनी प्रस्तावनेतच सांगितला आणि मुद्दाम सोपी भाषा वापरली.

९/ त्यांनी महाराजांना दिलेले विशेषण आहे ‘कुळवाडी-भूषण’. अज्ञानदासाच्या खानाने जे शिवी म्हणून फेकले, तेच येथे अभिमानाचे बिरुद झाले. फुल्यांनी हे त्या जुन्या पोवाड्याला उत्तर म्हणून लिहिले, असा माझा दावा नाही. पण शेतकरीपण शिवीतून बिरुदात आले, हा समाजातील बदल दोन रचना शेजारी ठेवल्या की स्पष्ट दिसतो.

१०/ काळ पाहा. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले होते. पोवाड्यानंतर चार वर्षांनी सत्यशोधक समाज स्थापन झाला. सहा वर्षांनी, १८७५ मध्ये, पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या कर्जखतांना आगी लावल्या. ज्या समाजात ही धग होती, त्याला राजा कुणब्यांचा हवा होता.

११/ १८९१ मध्ये हॅरी अ‍ॅक्वर्थ हा इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी जुन्या पोवाड्यांचा मोठा संग्रह छापला. गोंधळ्यांच्या तोंडी असलेले ग्रंथात आले. त्यांचा ‘अभ्यास’ येथून सुरू झाला.

१२/ जून १८९७. पुण्यात प्लेग, घरोघरच्या झडत्या, आणि त्यातच शिवराज्याभिषेकाचा उत्सव. तेथे चर्चा झाली ती खानाच्या वधाची, आणि प्रश्न होता : तो वध पाप होता का? १५ जूनच्या ‘केसरी’त तो वृत्तान्त आला, महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविताही आली. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली.

१३/ टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. सुमारे २४० वर्षांपूर्वीच्या घटनेवरचे लेखन न्यायालयात पुरावा ठरले. ते लेखन १६५९ विषयी नसून १८९७ विषयी आहे, हे सरकारने बरोबर ओळखले होते. कुळाचा प्रश्न येथे मागे पडला. परक्या सत्तेविरुद्ध शस्त्र नीतीत बसते का, हा प्रश्न पुढे आला.

१४/ विसाव्या शतकात डफ कामगारांच्या हाती गेला. वाटेगावचे (आता सांगली जिल्हा) अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊंनी तर स्टालिनग्राडच्या लढाईचाही पोवाडा रचला. पुढे हीच मंडळी संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजवत होती.

१५/ ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंतप्रधान नेहरूंनी केले. मुंबईसह महाराष्ट्र मिळालेला नव्हता. शिवाय तुरुंगातून लेकीला लिहिलेल्या पत्रांच्या पुस्तकात नेहरूंनी खानाच्या वधावर टीका केली होती. आक्षेपांनंतर तो मजकूर बदलला गेला, तरी राग शिल्लक होता. संयुक्त महाराष्ट्र समितीने काळी निशाणे दाखवली. गड तोच होता, प्रश्न मात्र आता होता : हे राज्य कोणत्या भाषेचे?

१६/ म्हणून पोवाड्याची ओळ पुढे करून ‘हे असेच घडले’ म्हणणे जितके चूक, तितकेच ‘ही शाहिरी अतिशयोक्ती’ म्हणून ती टाकून देणेही चूक. घटनेसाठी समकालीन पत्रे आणि कागदपत्रे पाहावीत. पण लोकांना त्या घटनेत काय हवे होते, ते कागदपत्रांत क्वचितच सापडते. त्यासाठी शाहिराकडेच जावे लागते.

१७/ प्रतापगडावरून आजही वाद होतात. पुढच्या वेळी असा वाद तुमच्यासमोर आला, की सरांचे तीन प्रश्न आठवा : कोण, कोणासमोर, केव्हा? आपण आज जो पोवाडा वाजवतो, त्यावरून उद्याचा विद्यार्थी आपल्याविषयी काय लिहील, याचाही विचार करावा.

तुमच्या गावात शिवजयंतीला कोणता पोवाडा गातात, आणि तो कोणाचा आहे, हे ठाऊक असल्यास जरूर लिहा.