दारूकोठारातील फुले

लंडनच्या केन्सिंग्टन उद्यानात, सर्पेंटाइन तलावावरील पुलाजवळ, विटांची एक ठेंगणी पण भक्कम इमारत आहे. १८०५ साली, नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या धामधुमीत, ती बंदुकीची दारू साठविण्यासाठी बांधली गेली आणि १९६३ पर्यंत लष्कराच्याच उपयोगात राहिली. २०१३ साली झाहा हदीद या वास्तुविशारद विदुषीने तिला पांढऱ्या, लाटेसारख्या छपराची जोड दिली व तेथे चित्रशाळा सुरू झाली. दारूच्या दोन कमानदार खोल्या मात्र मध्यभागी होत्या तशाच राखल्या गेल्या. २० मार्च २०२५ रोजी या जुन्या कोठारात दिल्लीच्या अर्पिता सिंग यांच्या चित्रांचे प्रदर्शन उघडले. साठ वर्षांहून अधिक काळ रंगवीत आलेल्या या चित्रकर्तीचे, भारताबाहेरील एखाद्या कलासंस्थेने भरविलेले हे पहिलेच स्वतंत्र प्रदर्शन. त्या वेळी त्यांचे वय ८७ होते.

स्थळाची ही निवड योगायोगाचीच. परंतु योगायोगही कधी कधी मोठा मार्मिक असतो. अर्पिताबाईंचे चित्र पाहणाऱ्याला प्रथम दिसतात ती फुले. गुलाबी आणि निळ्या रंगांचे जाड थर, चौकटीभोवती वेलबुट्टीची किनार, मधल्या जागेत चहाचे पेले, मोटारी, आकडे, अक्षरे. सारे काही दाटीवाटीने मांडलेले, बोटभर जागा मोकळी म्हणून नाही. डोळा या शोभेत रमू लागतो न लागतो, तोच त्याला फुलांच्या शेजारी पिस्तूल दिसते. वर विमाने घिरट्या घालीत असतात आणि काळ्या कोटातील माणसे कोणाच्या तरी मागावर असावीत तशी उभी असतात.

ही दाटी आली कोठून? अर्पिताबाईंचा जन्म १९३७ सालचा, बंगालमधील बारानगरचा. वडील लवकर वारले, आईने नोकरी धरली आणि देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास हे कुटुंब दिल्लीस आले. दिल्ली पॉलिटेक्निकमधील शिक्षण १९५९ साली संपल्यावर अर्पिताबाई विणकर सेवा केंद्रात कामास लागल्या. स्वतंत्र भारताने हातमागाला नवे नमुने मिळावेत म्हणून ही केंद्रे काढली आणि त्यांत तरुण चित्रकारांना नेमले. मागाच्या उपकारासाठी योजलेल्या या व्यवस्थेने चित्रकलेवरच अधिक उपकार केले, असे म्हणावेसे वाटते. आपले प्रभाकर बरवे अशाच केंद्राच्या नोकरीत वाराणसीस गेले आणि तेथे त्यांना तांत्रिक प्रतिमांची सृष्टी भेटली. अर्पिताबाईंना भेटले ते कापड: त्याचा काठ, त्याची वीण आणि बंगालची कांथा.

कांथा ही आपल्या वाकळेची सख्खी बहीण. जुनी, मऊ झालेली साड्या-धोतरे एकावर एक रचायची आणि साड्यांच्या काठांतून काढलेल्या रंगीत धाग्यांनी त्यांवर धावदोरा घालीत जायचे. मध्ये कमळ, कडेला वेल. आणि उरलेल्या जागेत बाईच्या मनात येईल ते. हत्ती येई, होडी येई आणि गेल्याच्या मागील शतकात आगगाडी व गोरा साहेबही येऊन बसला. जगात जे जे घडे, ते ते टाक्यांत उतरे. घरातील स्त्रीला आपली बखर लिहिण्याची जी एक जागा उपलब्ध होती, ती हीच.

आधुनिक कलाविचाराला मात्र अलंकरणाचे वावडे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नाच्या अडॉल्फ लोस यांनी अलंकार आणि गुन्हा यांची जोडी लावून दिली. तेव्हापासून चित्राला ‘शोभिवंत’ म्हणणे ही निंदाच होऊन बसली. आणि चित्र काढणारी स्त्री असेल तर त्या निंदेला वेगळीच धार येई. अर्पिताबाईंनी याला उत्तर दिले नाही. दिल्लीच्या कुनिका केमोल्ड कलादालनात १९७२ साली त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन झाले. त्यानंतर काही वर्षे त्यांनी रंग आणि आकृती दोन्ही बाजूला ठेवून नुसत्या रेघा व ठिपके काढले. टाके घालावेत तशी ही कागदावरील चित्रे होती. आकृती परत आली तेव्हा हा टाका हातात मुरलेला होता. १९८७ ते १९८९ या काळात नलिनी मलानी, माधवी पारेख आणि नीलिमा शेख यांच्यासह त्यांनी जलरंगांची प्रदर्शने गावोगावी नेली. त्या काळी चार स्त्रियांनी असे एकत्र येऊन प्रदर्शन फिरविणे ही साधी गोष्ट नव्हती.

पुढे बाबरी मशीद पडली आणि दंगली उसळल्या. १९९३ साली अर्पिताबाईंनी ‘माय मदर’ हे चित्र रंगविले. चित्राच्या उजव्या बाजूस आई उभी आहे, वयस्क आणि भव्य. तिच्या मागे नकाशासारखे पसरलेले शहर. रस्त्यांवर गणवेशातील माणसे आणि आच्छादनाखाली झाकलेले देह. पण येथेही अलंकरण मागे हटलेले नाही. प्रेतांच्या रांगाही एखाद्या वस्त्रावरील बुट्ट्यांप्रमाणे मांडल्या आहेत. ही निष्ठुरता आहे काय? क्षणभर तसे वाटते. परंतु कांथेत ज्याची आठवण राखायची, त्याचाच टाका घातला जातो. एकेक देह वेगळा काढणे, त्याला त्याची जागा देणे, हे आकड्यांनी भरलेल्या सरकारी अहवालाला जमत नाही. ते येथे आईच्या पाठीमागे घडते आहे.

२०१० च्या लिलावात त्यांच्या सोळा फलकांच्या ‘विश ड्रीम’ला साडेनऊ कोटी रुपयांहून अधिक किंमत आली आणि वृत्तपत्रांना त्यांचे नाव तेव्हा विशेष आठवले, ही गोष्टही खरी.

लंडनच्या प्रदर्शनाचे नाव होते ‘रिमेंबरिंग’, अर्थात ‘स्मरण’. त्यात २०१५ सालचे एक चित्र होते. फाटके कागद, कागदाच्या पट्ट्या आणि चिठ्ठ्या यांतून चाललेला सीतेचा शोध, असे त्याचे लांबलचक शीर्षक. रामायणात सीतेने खाली टाकलेले दागिने वानरांनी सांभाळून ठेवले होते आणि रामाला माग मिळाला तो त्यांवरूनच. अर्पिताबाईंच्या चित्रात कागदाचे चिटोरे आहेत. २७ जुलै २०२५ पर्यंत, जेथे एके काळी ठिणगीलाही मज्जाव होता त्या भिंतींआड, लंडनची माणसे ते न्याहाळीत होती.